अंड्यांसाठी मऊ ठेवलेली चाकं

मी एक जुनी डिझेल मोटार आहे, मित्रांनो, आणि मला माझ्या सख्ख्या बहिणीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. देवाने ज्याच्या ओंजळीत जे टाकलं ते गोड मानून घ्यावं, असं मी रोज सकाळी मनाशी ठरवते. पण अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात तिला पाइपाने न्हाऊ घालायला सुरुवात झाली, की माझा नेम तिथेच मोडतो.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात, एकाच पट्ट्यावर, एकीमागे एक अशा जन्मलो. तिचं नाक माझ्या पाठीला लागलेलं असायचं. तोच पत्रा, तोच राखाडी-निळा रंग, तेच इंजिन, हॉर्नचा आवाजसुद्धा तोच. आम्हाला विकत घेतलं तेही एकाच घराने. दोघा भावांच्या वडिलांचा हट्टच तसा होता. "दोघांना सारखं," हे त्यांचं आवडतं वाक्य. कपाटं घेतली ती सारखी, पलंग घेतले ते सारखे, खोल्यांना रंग दिला तोही सारखाच. आम्ही घरी आलो त्या दिवशी त्यांनी दोन्ही सुनांना अंगणात उभं केलं, दोन किल्ल्या पाठीमागे धरल्या आणि म्हणाले, "हात निवडा." थोरलीने उजवा निवडला. त्यात मी होते.

एकच गोष्ट त्यांना दोन करता आली नाही. ती म्हणजे जिन्याखालची कोठी. ती एकच, तिची किल्लीही एकच, आणि किल्ली टांगलेली सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला. माझं दुर्दैव त्या कोठीतून निघालं, मित्रांनो. पण ते मला फार उशिरा कळलं.

सुरुवातीची वर्षं मोठी आनंदाची गेली. थोरल्या भावाचं चष्म्यांचं दुकान आहे आणि त्यांना स्वतःला इतका जाड चष्मा आहे, की गाडी चालवण्याचं काम त्यांनी आनंदाने बायकोवर सोपवलं. ते शेजारी बसत आणि तिथूनच पायाने नसलेला ब्रेक दाबत. थोरली माझ्यावरच गाडी शिकली. पहिल्यांदा घाट चढून वर पोचल्यावर तिने माझ्या नाकावरून हात फिरवला होता. "हूं नाही की चूं नाही! काय गुणाची गाडी आहे हो माझी!" त्या एका हाताच्या उबेवर मी किती तरी वर्षं धावले.

घाटाच्या वर, एका बंद पडलेल्या डेअरीच्या मागे, दोन खोल्यांत थोरलीची आई राहते. एकटी, आणि सोबतीला कोंबड्या. म्हातारीचे दोन्ही खांदे आखडलेले आहेत. हात डोक्यापर्यंत जात नाहीत. म्हणून आईचे केस विंचरून वेणी घातल्याशिवाय दुपारचा घास तोंडात घालायचा नाही, असा थोरलीचा नेम. वर बस जात नाही. "आई, चल ना खाली आमच्याकडे," असं तिने किती वेळा म्हटलं असेल! म्हातारीचं उत्तर ठरलेलं. "आणि कोंबड्यांना कुणाच्या जिवावर सोडू? तुझ्या नवऱ्याच्या? त्याला कोंबडा कुठला नि कोंबडी कुठली, ते चष्मा लावूनही कळत नाही."

येताना मागच्या सीटवर अंड्यांचा ट्रे असायचा. थोरली ती अंडी घरात, शेजारीपाजारी, सगळ्यांना द्यायची, आणि एकही अंडं फुटलेलं निघालं नाही, तर तिचा चेहरा परीक्षेत पहिली आल्यासारखा फुलायचा. असा आमचा संसार चालला होता.

मग घरात ॲव्हरेजची बोलणी सुरू झाली.

धाकटा भाऊ नकाशे काढण्याच्या कचेरीत कामाला. त्याला मोजमापाची भारी हौस. एका रविवारी दोन्ही गाड्यांच्या टाक्या काठोकाठ भरून त्याने हिशेब मांडला, आणि निकाल जाहीर केला, की तेवढ्याच डिझेलमध्ये माझी बहीण माझ्या जवळजवळ दीडपट जाते. सगळे हसले. "वहिनी, तुमची ती गाडी नाही, म्हैस आहे! आणि आमची हरिणी." झालं. त्या दिवसापासून मी म्हैस आणि ती हरिणी. एकाच पट्ट्यावर जन्मलेल्या दोघी!

त्यानंतर मी तिच्याकडे बघायला शिकले. बघणं हे वाईट व्यसन आहे, मित्रांनो. धाकटी एका दवाखान्यात परिचारिका आहे. रोज सकाळी निघताना ती बहिणीच्या चारही चाकांवरून नजर फिरवायची आणि दर रविवारी पंपावर जाऊन हवा तपासून आणायची. हवा! फुकट मिळणारी ती वस्तू, पण मला तिचाही मत्सर वाटू लागला. बहिणीचा एअर फिल्टर वेळच्या वेळी बदलला जाई; माझा कोंदून इतका काळा झाला होता, की मी उशीत तोंड खुपसल्यासारखा श्वास घेत होते. बहिणीच्या टपावर काही नव्हतं. माझ्या टपावर दुकानाची पाटी आणण्यासाठी कधी काळी बसवलेला लोखंडी कॅरिअर तसाच होता. वारा सुटला की तो शिट्टी वाजवायचा. मला वाटायचं, हा तिच्याच वतीने मला चिडवतोय.

आणि माझी हवा? पंपावरच्या माणसाला थोरली खिडकीतून वाकून सांगायची, "दादा, थोडी कमीच ठेवा हं. मागे अंडी असतात."

हो, मित्रांनो. अंडी फुटू नयेत, म्हणून ती माझी चाकं मऊ ठेवायची. मऊ चाकांनी रस्ता कसा लागतो, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. ओल्या वाळूतून चालून बघा म्हणजे समजेल. शिवाय मला सुरू करून ती खिडकीखाली तशीच घुरघुरत ठेवायची आणि घरात परत जायची. कधी कंगवा राहिला, कधी तेलाची बाटली, कधी कोंबड्यांचं खाणं. मी एका जागी उभी राहून डिझेल पीत असे, आणि त्याचाही ठपका माझ्यावरच येई.

थोरल्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. एका गिऱ्हाइकाने त्यांना एक लोहचुंबक विकला. तो डिझेलच्या नळीवर बांधायचा. "चष्म्याने कशी अक्षरं सरळ दिसतात, तसं याने डिझेल सरळ होतं," असं ते बायकोला समजावून सांगत होते. मग टाकीत टाकायचं एक हिरवं औषध आलं. त्याने माझ्या धुराला औषधाच्या दुकानासारखा वास येऊ लागला, बाकी फरक शून्य. चुंबकाला तेवढे त्यांच्या दुकानातले हरवलेले दोन स्क्रू चिकटलेले सापडले.

शेवटी एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ते शब्द ऐकले.

"हे बघ, आता पुरे झालं. महिनाअखेरीला भंगारवाला येऊन गाडी बघून जाईल."

"अहो, मग मी आईकडे जाऊ कशी?"

"धाकटीची गाडी आहे ना. रविवारी सोडेल ती तुला."

"रविवारी? म्हणजे आईची वेणी आठवड्यातून एकदा?" थोरलीचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नाही. "आणि तिच्या गाडीत बसून जाऊ? माझ्या आईकडे? त्यापेक्षा चालत जाईन."

"घाट चालत चढणार?"

"चढेन. नेम आहे माझा."

खिडकीखाली उभ्या उभ्या माझ्या टाकीत पाणी झालं. मला माझं भंगारात जाणं दिसत होतं, पण त्याहून वाईट हे दिसत होतं, की मी गेल्यावर हरिणीला माझीसुद्धा जागा मिळेल. माझा घाट मिळेल. कुंपणापाशी धावत येणाऱ्या कोंबड्या मिळतील. मी तिच्याकडे पाहिलं. ती नुकतीच न्हाऊन उन्हात चमकत होती. इतका राग आला मला!

आणि मग, देवाची करणी बघा, हरिणीचा क्लच गेला. ती गॅरेजमध्ये जाऊन बसली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. धाकटीला सकाळी दवाखान्यात पोचायचं होतं, म्हणून तिने थोरलीकडे माझी किल्ली मागितली. थोरलीने ती दिली, पण डिकीच्या किल्लीपासून सोडवून, वेगळी करून दिली.

धाकटी माझ्यात बसली तेव्हा मी ठरवलं होतं, की हिला अजिबात साथ द्यायची नाही. पण तिने बसल्या बसल्या मला चालू केलं आणि लगेच निघालीही, वाट बघत घुरघुरत ठेवलं नाही. पहिल्या चौकातच ती स्वतःशी पुटपुटली, "बाई गं, किती ओढतेय ही! काय झालंय हिला?" तिने मला शिवी दिली नाही. म्हैस म्हटलं नाही. काय झालंय, असं विचारलं. मला या घरात तो प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो नेमका हिने! बहिणीच्या मालकिणीने!

दुपारी ती परत आली आणि खिडकीशी उभी राहिली. आत थोरली बाहेर पडायच्या तयारीत होती.

"ताई, रागावू नका, पण तुमच्या गाडीत काय धोंडे भरलेत का?"

"का गं?"

"मागून बसलीय ती पार. नाक वर करून चालते. सकाळी अंधारात दिवे लावले तर रस्त्याऐवजी झाडावरची घरटी दिसत होती मला! आणि चाकांत हवाच नाही."

"ती मीच कमी ठेवते. अंडी असतात."

धाकटीला हसू आलं आणि तिने ते पदराआड दाबलं. "अहो ताई, अंडी वाचली, पण गाडी चालली ना भंगारात! अंड्यांखाली जाड सतरंजी घाला हवी तर. चाकं कशाला उपाशी ठेवायची? आणि डिकीत काय आहे ते तरी उतरवा."

थोरलीचा चेहरा बंद झाला. "डिकीत माझं सामान आहे."

"मग कोठीत ठेवा ना."

"कोठीत ठेवून बघितलं एकदा," थोरली म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी ती घाटावर गेली, वेणी घालून आली, आणि जेवण झाल्यावर एकटी अंगणात येऊन तिने माझी डिकी उघडली. मित्रांनो, इतकी वर्षं ते ओझं मी वाहिलं, पण त्याकडे नीट बघितलं ते मीही तेव्हाच. लाकडी पेटीतलं हाताने फिरवायचं शिवणयंत्र, तिच्या आईने दिलेलं. जाड काचेच्या बरण्या. दगडी खल. लोखंडी इस्त्री. गुंडाळलेली जड सतरंजी. विणकामाच्या मासिकांची खोकी. आणि तळाशी एक मोठी लोखंडी कढई, बुडाला काळी ठिक्कर जळलेली. कोठीत ठेवलं की धाकटी वापरते, वापरलं की खराब करते, म्हणून एकेक वस्तू तिने माझ्या पोटात आणून कुलूपबंद केली होती. मला बहिणीचा हेवा, आणि माझ्या मालकिणीला जावेचा. दोन्ही हेव्यांचं वजन मात्र माझ्याच मागच्या स्प्रिंगांवर!

थोरली माझ्या बंपरवर बसून राहिली. तिचे ओठ हलत होते. जप करत असावी. सामान उतरवलं तर ते जावेच्या हाताखाली जाणार. नाही उतरवलं तर आईचे केस. मला वाटतं तिने शेवटी केसांचाच विचार केला, कारण ती एकदम उठली, पदर खोचला आणि शिवणयंत्राच्या पेटीला हात घातला. पेटी काही तिला हलेना.

धाकटी जिन्यावरून बघत होती. ती खाली आली आणि तिने पेटीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ते यंत्र कोठीत नेलं. मग बरण्या गेल्या, खल गेला. शेवटी कढई राहिली. थोरलीने ती उचलून जावेसमोर धरली.

"हिचं काय केलं होतंस तेवढं सांग. दुसरं काही मी विचारत नाही."

"मी?" धाकटी म्हणाली. "ताई, मी या कढईला हातसुद्धा लावला नव्हता. दादांनी मीठ तापवलं होतं तिच्यात."

"मीठ?"

"चष्म्याच्या काड्या वाकवायला! दुकानातलं यंत्र बिघडलं होतं ना तेव्हा. गरम मिठात काड्या खुपसून ठेवल्या, आणि बाहेर कुणाशी तरी बोलत बसले. काड्या वितळल्या, कढई जळली. मला म्हणाले, ताईला नको सांगूस— म्हणजे तुम्हाला— मी नवीन आणून ठेवतो."

"आणि तू गप्प बसलीस? इतकी वर्षं?"

"दादांनी शप्पथ घातली होती. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत! सामान काढून नेलंत, मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही."

नेमके तेव्हाच थोरले दुकानातून आले. अंगणात दोन्ही जावा, मध्ये काळी कढई. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अहो," थोरली हळू आवाजात म्हणाली, "मीठ किती घातलं होतंत?"

"अं... चवीपुरतं," थोरले म्हणाले.

आधी धाकटी हसली. मग थोरलीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते हसण्याचंच होतं की आणखी कशाचं, ते मला सांगता येणार नाही. मी गाडी आहे, मला माणसांच्या डोळ्यांतलं फारसं कळत नाही. पण माझी पाठ हळूच वर आली, स्प्रिंगा मोकळ्या झाल्या आणि कित्येक वर्षांनी माझं नाक जमिनीला समांतर झालं, एवढं मात्र मला कळलं.

पुढचे दिवस दोघी माझ्या मागे लागल्या. चाकांत पुरती हवा भरली. टपावरचा कॅरिअर उतरवला, त्याची शिट्टी थांबली. नवा एअर फिल्टर आला आणि मी पहिला मोठा श्वास घेतला तो अजून आठवतो. धाकटी शेजारी बसून थोरलीला सांगायची, "ताई, इंजिन ओरडायच्या आधी वरचा गिअर टाका. पुढे लाल दिवा दिसतोय तर आत्ताच पाय काढा, जाऊन ब्रेक कशाला मारायचा?" घाट उतरताना डिझेल वाचावं म्हणून थोरली मला न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची. धाकटीने तो हात धरला. "गिअरमध्येच उतरवा. पाय काढलात की इंजिन डिझेल मागतच नाही, आणि गाडीही ताब्यात राहते." निघण्याआधी कंगवा, तेल, खाणं सगळं पिशवीत भरून दाराशी ठेवायचं आणि मगच किल्ली फिरवायची, हेही ठरलं. चुंबक थोरल्यांनी स्वतःच काढून दुकानात नेला. म्हणाले, स्क्रू शोधायला चांगला आहे.

महिनाअखेर आली, तोवर हरिणीही गॅरेजमधून परतली होती. धाकट्या भावाने पुन्हा टाक्या काठोकाठ भरल्या, पुन्हा मोजमाप झालं. भंगारवाला फाटकाशी येऊन उभा होता आणि माझ्याकडे जेवणाच्या ताटाकडे बघावं तसं बघत होता. धाकट्याने आकडेमोड केली, मान हलवली, पुन्हा केली.

"वहिनी, हरिणी अजून पुढेच आहे."

भंगारवाला फाटकातून एक पाऊल आत आला.

"पण अगदी थोडी. इतकी थोडी, की दोघींना एकच नाव द्यावं लागेल."

थोरल्यांनी भंगारवाल्याला सांगितलं, "माफ करा, गाडी द्यायची नाही. एक जुनी कढई आहे, ती नेता का?"

"ती मी देणार नाही," थोरली म्हणाली. "ती तुमच्या डोळ्यांसमोर राहू दे."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता माझा हेवा संपला असेल. नाही संपला. अजूनही बहीण दोन घोट कमी पिते आणि ते मला टोचतं. परमेश्वरासमोर तरी खोटं बोलू नये. पण परवाच्या रविवारी काय झालं ते सांगते. थोरली निघाली तशी धाकटी म्हणाली, "ताई, मीही येते. तुमच्या आईला बघितलंच नाही मी कित्येक दिवसांत." धाकट्या भावाने सवयीने हरिणीची किल्ली उचलली. धाकटीने ती परत ठेवायला लावली. "दोन गाड्या कशाला जाळायच्या? ताईंच्या गाडीत बसू सगळे."

चौघंही माझ्यात बसले. अंगणातून बाहेर पडताना मी आरशातून मागे पाहिलं. बहीण न्हालेली, चकचकीत, चाकांत पुरती हवा, आणि कुठेच जायचं नाही. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेला मी चांगली ओळखते.

घाटात मी धापा टाकल्या, ओझं वाढलं होतं आणि त्या दिवशी मी मनमुराद प्यायले. कुणी आकडा काढला नाही. वर म्हातारीने धाकटीला आपल्यामागे बसवून घेतलं आणि म्हणाली, "तू घाल आज वेणी. हिचा हात फार ओढतो." थोरली दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा किंचित उतरला, आणि मग तिने स्वतःच तेलाची बाटली पुढे केली.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल, तर तिच्या चाकांत हवा ठेवा, तिला स्वच्छ श्वास घेऊ द्या, उगाच जागच्या जागी घुरघुरत ठेवू नका. ती जास्त पिते म्हणून तिला नावं ठेवण्याआधी एकदा तिची डिकी उघडून बघा. त्यात तिचं स्वतःचं असं काहीच नसतं.